इथेच घोडे पेंड खाते

'इथेच घोडे पेंड खाते' हा वाक्प्रचार मी गेली अठरा वर्षे शिकवीत आले आहे. अर्थ सांगायचा, 'खरी अडचण इथे आहे', आणि मुलांना वाक्यात उपयोग करायला लावायचा. मुले मुकाट्याने उपयोग करतात. आजवर एकानेही विचारले नाही की बाई, घोड्याने पेंड खाल्ली तर त्यात अडचण कोणाची, घोड्याची की पेंडीची? विचारले असते तर माझी पंचाईत झाली असती. मराठी भाषेतले घोडे मला सगळे ठाऊक होते. वरातीमागून येणारे, गंगेत न्हाणारे, पुढे दामटले जाणारे, ऐन वेळी अडणारे. पण चार पायांवर उभा राहून शेपटीने माश्या वारणारा घोडा मी चाळिशी उलटेपर्यंत जवळून पाहिला नव्हता.

तो पाहायला मिळाला धाकटीच्या हट्टापायी. इतर मुली कथ्थक शिकतात, पेटी शिकतात. हिने घोड्यावर बसायचे मनात घेतले. पिरंगुटला एक लहानशी पागा आहे असा शोधही तिनेच लावला. आमच्या यजमानांनी महिन्याची फी ऐकून आधी नकार दिला, मग 'घोड्यावर बसलेली मुलगी मोबाइलवर बसणार नाही' या माझ्या युक्तिवादाला मान दिला. (हा युक्तिवाद खोटा ठरला. ती घोड्यावरून उतरताच घोड्याचे फोटो बघत बसते.) तेव्हापासून दर शनिवारी आणि रविवारी सकाळी कोथरूडहून निघायचे, चांदणी चौक ओलांडायचा, भूगाव, भुकूम मागे टाकायचे, छोटासा घाट पार केला की पिरंगुट. हमरस्ता पौडकडे आणि पुढे ताम्हिणीकडे जातो, आम्ही मात्र कारखान्यांच्या कुंपणांमधून एका कच्च्या वाटेला लागतो.

पहिल्याच दिवशी मी त्या पागेच्या प्रेमात पडले, आणि त्याचे कारण घोडे नव्हते. कारण होते शब्द. पागेचे मालक घोडदळातून निवृत्त झालेले सातारकडचे रिसालदार. ते मोतद्दाराला म्हणाले, "चंदी झाली का? मग तोबरे उतरव आणि खरारा कर." मी जागच्या जागी थबकले. चंदी, तोबरा, खरारा, मोतद्दार! हे शब्द मी बखरी शिकवताना फळ्यावर लिहिले होते, परीक्षेत त्यांचे अर्थ विचारले होते, आणि माझी ठाम समजूत होती की ते पेशवाईबरोबर गेले. आणि इथे पिरंगुटात एक मनुष्य ते असे वापरीत होता, जसे आपण 'चहा झाला का' म्हणतो. चंदी म्हणजे घोड्याचा धान्याचा शिधा. इथे तो ओट, भरडलेला हरभरा आणि गव्हाचा कोंडा असा असे. त्याखेरीज वाळले गवत आणि कडब्याची कुट्टी. अंगाला तकाकी यावी म्हणून रिसालदारकाका वरून पळीभर तेल घालीत.

हिरवे काही नव्हते. ते तेव्हा माझ्या लक्षातही आले नाही.

खरे तर लक्षात यावे अशीच ती जागा होती. पागेच्या मागे डोंगर आहे. पावसाळ्यात तो असा हिरवा होतो की डोळ्यांना त्रास व्हावा. मुळशीचा पाऊस, त्याला काय तोटा? पण डोंगर दुसऱ्याचा. पागेची जागा भाड्याची, अर्ध्या एकरातली. त्यात पत्र्याची आठ ठाणी आणि घोडे फिरवायचे एक रिंगण. आठ घोड्यांच्या बत्तीस खुरांखाली तिथे तांबड्या मातीखेरीज काही टिकत नाही. एका बाजूला कारखान्याची भिंत, दुसऱ्या बाजूला चुन्याच्या रेघा आणि दगड रोवलेले प्लॉट. १९२१ साली सेनापती बापटांनी मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी धरणाच्या पाण्याखाली जाऊ नयेत म्हणून सत्याग्रह केला होता. जमीन गेलीच. आता उरलेली प्लॉटांखाली जाते, आणि तिच्यासाठी सत्याग्रह करायला कोणी येत नाही. आम्हीही त्यातल्याच एका प्लॉटची चौकशी करून आलो होतो, हे कबूल केलेले बरे.

धाकटीची घोडी म्हणजे साळू. पूर्वी शर्यतीत धावलेली, कुमाईत रंगाची, चौदा वर्षांची. शर्यतीच्या पुस्तकातले तिचे नाव इंग्रजी आणि तीन शब्दांचे होते. साळू हे मोतद्दाराने ठेवलेले. ती पिरंगुटला येऊन तीन वर्षे झाली होती, आणि त्याआधीही दोनेक वर्षे कुठल्याशा तबेल्यात बांधूनच होती. स्वभावाने अगदी गरीब. नवशिक्या मुलांना आधी साळूवर बसवायचे, हा पागेचा शिरस्ता.

गेल्या जानेवारीत मोतद्दार म्हणाला, "बाई, घोडी नीट हुबी ऱ्हाईना झालीय." मी पाहिले तर साळू उभीच होती. पण मग दिसले की ती सारखी पाय बदलते आहे, मागचा उजवा, मागचा डावा, पुन्हा उजवा. चारही पाय पोटाखाली गोळा करून उभी राहायची, जशी काही पायांखालची जमीन पाटाएवढीच आहे. मांड्यांचे स्नायू थरथरत. मान खाली. दिवसा आडवी होऊन पडायची. गंमत म्हणजे चालायला लावले की बरी चाले, उभे राहणेच तिला जड जाई. आणि खाणे पहिल्यासारखेच. तोबरा चाटूनपुसून साफ. तरी पाठीवरचे मांस उतरत चालले होते.

रिसालदारकाका म्हणाले, "वय झालं. ताकदीचं औषध द्या काहीतरी." मग मला बाजूला घेऊन, धाकटी ऐकणार नाही अशा बेताने, म्हणाले, "बाई, पागेचं गणित तुम्हाला सांगतो. बसायला न चालणारा घोडा मी दोन महिने सांभाळू शकतो, फार तर तीन. एक जण विचारून गेलाय, वरातीला घोडी हवी म्हणून." थरथरत्या पायांची घोडी, तिच्यापुढे बँड आणि फटाके. मी धाकटीला यातले काही सांगितले नाही, पण ती मुले आपल्याला वाटतात तितकी बहिरी नसतात.

ताकदीचे औषध आणायचे मी पत्करले. शहरात जनावरांच्या औषधांचे एक दुकान आहे. दुकानदाराने डबा पुढे केला: ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम, घोड्यांसाठी. डब्यावर उधळलेल्या घोड्याचे चित्र. मी किंमत पाहिली, चित्र पाहिले आणि घेऊन आले. मोतद्दाराने पाहिले की घोडी फारच उतरली आहे, म्हणून प्रेमाने एकाऐवजी दोन चमचे द्यायला सुरुवात केली. असे तीन आठवडे गेले. साळूत काडीचा फरक पडला नाही.

शेवटी घोड्यांच्या डॉक्टर आल्या. तिशीतल्या, सडसडीत, कामाला वाघ. त्यांनी साळूला चालवले, उभे केले, शेपटीचे मूळ दाबून पाहिले, ठाण्यातले गवत हातात घेऊन हुंगले आणि मला विचारले, "मॅडम, हिने हिरवं शेवटचं कधी खाल्लं?"

रिसालदारकाका म्हणाले, "पावसाळी गवतानं पोट धरतं. आपण वाळलंच घालतो. बारमाही."

"लसूणघास?"

"भाव बघा ना त्याचा."

मग डॉक्टरांनी डबा मागितला. मागची बाजू वाचली. बारीक अक्षर, तिथवर माझी नजर पोचलीच नव्हती. "यात सेलेनियमच फार. आणि दोन चमचे देत होता? हे ताबडतोब बंद. सेलेनियम घोड्याला लागतं ते चिमटीभरही नव्हे, त्याहून कितीतरी कमी. जास्त झालं तर आयाळ गळते, शेपूट गळते, खूर फाटतात. आणि ई पाहिलंत कुठलं घातलंय? डीएल."

मी म्हटले, "म्हणजे?"

"म्हणजे कृत्रिम. नैसर्गिक असेल तर नुसतं डी लिहितात. पुढे एल असला की कारखान्यात केलेलं. घोड्याला त्याचा फार थोडा भाग लागू पडतो."

वाचकहो, माझी त्या क्षणीची अवस्था मी कशी सांगू? मी आयुष्यभर 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक शिकवला. 'जीवनसत्त्व' या शब्दात एकच त लिहिणाऱ्या मुलांचा अर्धा गुण मी कधी सोडला नाही. 'तुमच्या जीवनात सत्त्व कमी पडले' असा विनोदही दरवर्षी करीत आले आहे. आणि एका मुक्या जनावराच्या औषधावरचे एक अक्षर वाचायचे माझ्याकडून राहिले. त्या रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. डॉक्टरांनी सांगितलेले पुन्हा पुन्हा वाचले, आणखी मिळवून वाचले. पुढे जे लिहिते आहे ते त्या रात्रीचे आणि नंतरच्या चार महिन्यांचे शिक्षण आहे. घरी घोडा नसलेल्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण हे जीवनसत्त्व बहुतेक घरांच्या कपाटात असतेच.

ई जीवनसत्त्व प्राण्याला शरीरात तयार करता येत नाही, ते खाण्यातूनच यावे लागते. पेशींच्या पातळ आवरणांतल्या स्निग्ध पदार्थाला प्राणवायूमुळे जणू गंज चढतो, तो हे जीवनसत्त्व चढू देत नाही. स्नायू आणि मज्जातंतू यांना त्याची गरज फार. आणि घोड्यासाठी त्याचा मोठा साठा एकाच ठिकाणी, हिरव्या, उभ्या गवतात. गवत कापून वाळत घातले की ऊन-वाऱ्याने त्यातले बरेचसे ई उडून जाते. गंजीत महिनोन् महिने पडून राहिले की उरलेलेही ओसरत जाते. वाळल्या गवताने पोट भरते आणि बाकी पुष्कळ मिळते, पण हे मिळत नाही. ओट-कोंड्यात थोडे असते, पुरेसे नाही. धाकटी दर आठवड्याला साळूसाठी किलोभर गाजरे नेत असे. गाजरातून मिळते ते अ जीवनसत्त्व, ई जवळजवळ नाहीच. तेल चांगले म्हणावे, तर तेलातल्या स्निग्धांचे राखण करायलाही ई-च खर्ची पडते, आणि तेल खवट असेल तर ते आतले ई मारून टाकते. म्हणजे रिसालदारकाकांची तकाकीची पळी एका हाताने देत होती आणि दुसऱ्या हाताने घेत होती.

हिरव्यावाचून बांधून ठेवलेल्या घोड्यांना होणारा मज्जातंतूंचा एक रोग अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी १९९० साली प्रथम वर्णन करून प्रसिद्ध केला. वर्षभराहून अधिक काळ कुरण न पाहिलेले घोडे. पाय गोळा करून उभे राहणे, थरथर, मांस झडणे, आणि भूक मात्र शाबूत. वाचताना वाटले, हे लोक पिरंगुटला येऊन गेले की काय. त्यात मेलेली चेतापेशी पुन्हा येत नाही. घोडा सावरला तरी पूर्ववत होतोच असे नाही. पण अशीच लक्षणे नुसत्या स्नायूंच्या दुखण्यातही दिसतात, आणि ते ई मिळाल्यावर भरून येते. साळूचे यातले कोणते? शेपटीच्या मुळाशी असलेल्या स्नायूचा तुकडा काढून तपासला तर कळते. डॉक्टर म्हणाल्या, "उपचार दोन्हींत एकच. तो करू आणि वाट पाहू. आधी रक्त घेऊ."

रक्त घ्यायचाही सोहळा. या जीवनसत्त्वाला उजेड सोसत नाही, उष्णता सोसत नाही, रबरी बुचाचा स्पर्शही सोसत नाही. काचेची नळी रुपेरी कागदात गुंडाळून, बुचाला रक्त लागू नये म्हणून उभी धरून, बर्फाच्या डब्यातून मुंबईला गेली. ती डब्यात सरळ राहावी म्हणून धाकटी घाटभर डबा मांडीवर घेऊन बसली होती. दहा दिवसांनी आकडा आला. एका मिलिलिटर रक्तद्रवात २ मायक्रोग्रॅमच्या वर हवे. साळूचे होते ०.८.

आता औषध निवडायचे होते, आणि इथे खरोखर घोडे पेंड खात होते.

सासूबाईंनी पहिला उपाय सुचवला. धाकटी तोंडाला लावते त्या हिरव्या कॅप्सुला, एकीत ४०० मिलिग्रॅम. "त्याच दे की चंदीतून." मी हिशेब मांडला. निरोगी घोड्याला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते २ आंतरराष्ट्रीय एकके लागतात. साळू साडेचारशे किलोंची. म्हणजे नुसते भागायला ४५० ते ९००. पण खड्डा भरून काढायचा तर डॉक्टरांनी किलोमागे १० सांगितली होती, म्हणजे साडेचार हजार. त्या कॅप्सुलेतल्या प्रकाराचा एक मिलिग्रॅम म्हणजे एक एकक. रोज अकरा कॅप्सुला! आणि त्याही पुन्हा डीएल. कृत्रिम ई म्हणजे आठ जुळ्या रूपांचे मिश्रण. त्यांतले एकच नैसर्गिक रूपाशी हुबेहूब जुळते, बाकीच्यांना शरीर फारसे दारात उभे करत नाही.

दुसरे अक्षर नावाच्या शेवटी असते. 'टोकोफेरॉल' आणि 'टोकोफेरिल'. हा फरक मला डॉक्टरांनी सांगायच्या आधी सापडला, याचा मला अजून अभिमान वाटतो. 'फेरिल' असले की पुढे 'ॲसिटेट' किंवा तसा काही शब्द येतो. म्हणजे मूळ शब्दाला प्रत्यय लागला आहे. हा प्रत्यय लावला की औषध डब्यात पुष्कळ दिवस टिकते, म्हणून कारखानदार तो लावतात. पण घोड्याच्या आतड्याला तो आधी तोडावा लागतो, मगच मूळ पद सुटे होते. 'फेरॉल' म्हणजे बिनप्रत्ययाचे, आणि तेही पाण्यात मिसळेल असे केलेले मिळते. ते एक-दोन दिवसांत रक्तात दिसू लागते; प्रत्यय लागलेली भुकटी आठवडेच्या आठवडे घेते. किमती अर्थात याच क्रमाने चढत जातात. सर्वांत स्वस्त डीएल भुकटी, मग नैसर्गिक भुकटी, आणि सर्वांत महाग ते पातळ फेरॉल. ते परदेशाहून येते आणि त्याच्या एका बाटलीत आमचे दोन महिन्यांचे किराणा सामान बसते.

टोकोफेरॉल या नावाची कथा इथे सांगितल्यावाचून मला राहवत नाही. १९२२ साली अमेरिकेत बर्कलीला हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन बिशप यांनी उंदरांना अगदी शुद्ध केलेल्या पदार्थांवर ठेवले. उंदीर ठणठणीत वाढले, पण माद्यांचे गर्भ पोटातच मरत. त्यांना हिरवी लेट्यूसची पाने घातल्यावर पिले जगली. पाल्यात काहीतरी होते. त्या काहीतरीला ई म्हणू लागले. पुढे १९३६ साली गव्हाच्या अंकुरातल्या तेलातून ते शुद्ध रूपात काढल्यावर नाव हवे होते, म्हणून इव्हान्स यांनी आपल्याच विद्यापीठातल्या ग्रीक भाषेच्या प्राध्यापकाला विचारले. त्याने 'टोकोस' म्हणजे प्रसव आणि 'फेरो' म्हणजे वाहणे यांतून शब्द बांधून दिला. हा 'फेरो' आपल्या संस्कृतातल्या 'भृ' धातूचा सख्खा भाऊ. भार, भरण ही त्याचीच मंडळी. भाषेच्या प्राध्यापकांचा जगाला काही उपयोग झाल्याचे उदाहरण मला अनेक वर्षे हवे होते. आमच्या स्टाफरूममधल्या रसायनाच्या मंडळींना मी ते दोनदा ऐकवले.

तर निर्णय. डॉक्टरांनी सांगितले की आधी पातळ फेरॉल, रक्तातला आकडा वर येईपर्यंत. मग हळूहळू कमी करीत नैसर्गिक भुकटीवर यायचे, दिवसाला हजार एककांच्या आसपास. एकदम तोडायचे नाही, आकडा धाडकन खाली येतो. आणि जास्त दिले की लवकर बरी होईल, या समजुतीने वाढवायचेही नाही. किलोमागे २० एककांच्या पुढे गेले तर रक्त गोठण्यात आणि अ जीवनसत्त्वाच्या कामात विघ्न येऊ शकते. हे त्यांनी मोतद्दाराकडे बघून सांगितले. तो म्हणाला, "डबल देत न्हाई आता, डॉक्टरीणबाई. आन घ्या."

पैसे कोणी द्यायचे हा प्रश्न होताच. रिसालदारकाका काही बोलले नाहीत. त्यांच्या गणितात साळूचे दोन महिने संपत आले होते. परतताना घाटात धाकटी म्हणाली, "आई, मी एक वर्ष शिकायला जात नाही. ती फी साळूला द्या." यजमान गाडी चालवत होते. बराच वेळ ते बोलले नाहीत, आणि मग भूगावच्या तळ्यापाशी म्हणाले, "त्या प्लॉटचं राहू दे या वर्षी." प्लॉटची किंमत आणि बाटलीची किंमत यांचा परस्पर काही संबंध नाही, हे बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला मी सांगायला हवे होते असे नाही.

त्या दिवसांत मी द्वितीय वर्षाला शिवकालीन पत्रे शिकवत होते. चिपळूण भागात छावणी केलेल्या लष्करातल्या जुमलेदार-हवालदारांना शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात पाठवलेले पत्र प्रसिद्धच आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, हे त्यातले आपण सगळे सांगतो. मीही तेवढेच सांगत आले. यंदा मला दिसली ती बाकीची वाक्ये. पावसाळा काढायचा म्हणून दाणा-गवत साठवले आहे, ते मन मानेल तसे उधळू नका, नाहीतर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील. दिवे जळते ठेवाल तर उंदीर वात ओढून नेईल, गवताला आग लागेल. राजा गवताच्या गंजीचा हिशेब ठेवतो आहे! वर्गात मी पंधरा मिनिटे गवतावरच बोलले. मुले एकमेकांकडे पाहू लागली. पण माझ्या मनात दुसरेच चालले होते. ती घोडीही छावणीत वाळलेलेच खात असणार. पण चार महिनेच. दसरा झाला की लष्कर मुलूखगिरीला निघे आणि वाटेवरची कुरणे त्यांचीच. घोड्याच्या अंगात ई-चा साठा काही महिने पुरतो; छावणी उठेपर्यंत तो ओढूनताणून पुरत असेल. साळूची छावणी पाच वर्षे उठलीच नव्हती.

त्याच सुमारास एका रविवारी घाटात धनगरांचा वाडा लागला. मेंढरे, कुत्री, आणि संसार पाठीवर घेतलेली बुटकी तट्टे, बहुधा भीमथडीच. रस्त्याच्या कडेचे जे हिरवे दिसेल ते खात चालली होती. त्यांना डबा नाही, बाटली नाही, डॉक्टर नाही. धाकटीने गाडी थांबवायला लावली आणि बराच वेळ त्यांच्या मांड्या पाहत उभी राहिली.

त्यातूनच पुढची कल्पना निघाली, आणि ती तिची. पागेच्या खाली एक ओढा आहे. मार्च-एप्रिलमध्येही त्याच्या काठाला ओल असते आणि तिथे हरळी माजलेली असते. आपण गणपतीला ज्या दूर्वा वाहतो तीच. धाकटीने काकांना विचारले, साळूला रोज तासभर दोरीने धरून तिथे नेले तर? काकांना आधी पटेना; घोड्याला गाढवासारखे चरायला न्यायचे म्हणजे काय! पण घोडदळातला माणूस, आणि लहानपणचे कोडे त्यांनाही पाठ: भाकरी का करपली, घोडा का अडला, विद्या का विसरली? "फिरवला नाही म्हणून," असे स्वतःशीच म्हणून त्यांनी मोतद्दाराला हुकूम दिला. सुरुवातीला दहाच मिनिटे, मग वाढवत एक तास. शनिवार-रविवार धाकटी, इतर दिवशी मोतद्दार. शिवाय रोज एक पेंढी ताजी लसूणघास, निम्मे पैसे काकांचे. पावसाळ्यात डोंगरावरच्या बायका गवताचे भारे विकतात. ते पहिल्याच दिवशी पोटभर न घालता थोडे थोडे वाढवीत घातले, तर कोणाचेही पोट धरले नाही.

बाटली मात्र गोड लागत नसावी. मोतद्दार पिचकारी घेऊन पुढे झाला की साळू मान इतकी वर करी की त्याला बादलीवर चढावे लागे. एकदा अर्धी मात्रा त्याच्या मिशांना गेली. "बाई, माझं बी सांधं हलकं झालं," असे तो सांगतो.

सहा आठवड्यांनी थरथर कमी वाटू लागली. मी ते बोलून दाखवले नाही. जूनमध्ये रक्त पुन्हा गेले, आकडा ३ च्या थोडा वर आला. ऑगस्टमध्ये पाठीवर हात फिरवला तर कणा पूर्वीसारखा बोटांना टोचत नव्हता. आता ती एका जागी उभी राहते. अधूनमधून मागचा उजवा पाय उचलते, ठेवते. डॉक्टर अजून 'बरी झाली' हा शब्द वापरत नाहीत. स्नायूंपुरतेच होते असे दिसते, म्हणतात, पण वर्ष जाऊ द्या. उड्या मारणे तिला आता नाही. पाच-सहा वर्षांची पोरे पाठीवर घेऊन रिंगणाला पायी फेऱ्या मारते, तेवढे तिचे काम. वरातीवाला पुन्हा आला नाही. आला असता तर काकांनी काय सांगितले असते, हे मी त्यांना विचारलेले नाही.

परवा दसऱ्याला पागेत घोड्यांची पूजा झाली. आठही घोड्यांना झेंडूच्या माळा, खुरांना हळदकुंकू. ओवाळायचा मान मला दिला. मी तबक घेऊन साळूपुढे उभी राहिले. निरांजन, अक्षता, सुपारी, आणि सोने म्हणून आपट्याची पाने. मी निरांजन सांभाळत होते तेवढ्यात तिने मान लांबवली आणि तबकातले सगळे सोने खाऊन टाकले.

"हिरवं दिसलं की सोडत न्हाई आता," मोतद्दार म्हणाला.

डोंगर पिवळा पडू लागला आहे. दिवाळी झाली की गवत कापतील, गंज्या रचतील, आणि मेपर्यंत ओढ्याची हरळी आणि लसूणघासेची पेंढी एवढ्यावरच भिस्त. काल भुकटीचा नवा डबा घरी आला. धाकटीने चष्मा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "वाच." मी मोठ्याने वाचले. डी. पुढे एल नाही. मग तिने डबा उलटा करून सेलेनियम कुठे लिहिले आहे का ते पाहिले, आणि बाहेर गाडीकडे गेली.